जुन्या नाट्यगृहाची साक्ष

जुनं नाट्यगृह टिकावं म्हणून त्याच्या आठवणींची लेखनस्पर्धा जरूर घ्यावी, पण तिने नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्त होत नाही. स्पर्धेचं पहिलं पत्रक छापण्याआधी हा हिशेब कागदावर मांडलेला बरा, नाहीतर पुढे समितीतच रुसवेफुगवे सुरू होतात. धरून चालू, की सोलापुरात ३०० प्रवेशिका आल्या. त्यातल्या १२० विद्यार्थ्यांच्या आणि ज्यांच्याकडून शुल्क घेणंच बरं दिसत नाही अशांच्या. उरलेल्या १८० जणांकडून प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे जमा १८,०००. आता खर्च. पारितोषिकं २०,०००, पहिल्या फेरीच्या सहा वाचकांना प्रत्येकी १,५०० प्रमाणे ९,०००, अंतिम फेरीच्या तीन परीक्षकांना प्रत्येकी ३,००० प्रमाणे ९,०००, हस्तलिखितं टाइप करून घ्यायचे ७,२००, पोस्टर-टपाल-चहापाणी ५,०००. बेरीज ५०,२००. तूट ३२,२००. ती एखाद्या देणगीदाराने भरून काढली तरी हाती उरतं शून्य, आणि गळकं छप्पर, वाळवी, जुनाट वायरिंग जिथल्या तिथे.

मग हा खटाटोप कशाला? साक्षीसाठी. एखादी इमारत महापालिकेच्या वारसा यादीत, म्हणजे जतन करायच्या इमारतींच्या यादीत, घ्यायची की नाही हे ठरवताना तिची रचना आणि वय बघतात, तसंच शहराच्या सामाजिक-आर्थिक इतिहासाशी तिचं नातं काय आणि कुठल्या माणसांशी, घटनांशी ती जोडलेली आहे हेही बघतात. रचना वास्तुविशारद सांगेल. छपराच्या कैच्या सागवानी आहेत का, भिंत दगडी आहे की विटांची, जोडणी चुन्यात की सिमेंटात, हे मोजता येतं. पण गिरणीच्या कुठल्या पाळीनंतर लोक नाटकाला यायचे, बायकांना कुठे बसवायचे, एकाच आठवड्यात किती भाषांतले खेळ लागायचे, हे मोजपट्टीने कळत नाही. ते माणसांकडे असतं, आणि बहुतेक वेळा सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे. स्पर्धा हे ती माहिती सहीनिशी, तारखेनिशी कागदावर आणण्याचं साधन आहे. वर बोनस असा, की यादीच्या मसुद्यावर महापालिका हरकती-सूचना मागवते तेव्हा मुदतीत पत्र देतील असे दोन-अडीचशे पत्ते आपल्या वहीत तयार असतात.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेलं. दुसऱ्या दिवसापासून आठवणींचा पूर आला. त्यातल्या कितीतरी आठवणी आदल्या वर्षी कुणी मागितल्या असत्या तर तितक्याच सहज मिळाल्या असत्या. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं ते २०१६ ला उघडलं. तेवीस वर्षं थांबायला मालकाकडे दम लागतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या थिएटरांच्या मालकांकडे तो नसतो, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही नाही.

म्हणून पहिलं काम मालकी शोधायचं. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. इमारत महापालिकेची असेल तर भाडेकराराची प्रत आणि आधी झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. इमारत एखाद्या सार्वजनिक न्यासाची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६. हे विश्वस्तांना माहीत असतं, पण गावाला माहीत आहे हे त्यांना कळलेलं बरं. खासगी मालकाची असेल तर त्याला आधी भेटा, आणि पत्रकात ‘वाचवा’ हा शब्द घालण्याआधी दोनदा विचार करा. वाचवा म्हटलं की कुणापासून हा प्रश्न आलाच, आणि उत्तर ‘मालकापासून’ असं वाचलं गेलं की आत फोटो काढायलासुद्धा दार उघडत नाही. ‘अमुक नाट्यगृहाच्या आठवणी’ एवढं साधं नाव पुरतं.

आता विषय. स्पर्धा जिंकते किंवा हरते ती इथेच. ‘आमचे नाट्यगृह: काल, आज आणि उद्या’ असा विषय दिला की ३०० पैकी २५० लेख पहिल्या परिच्छेदात विष्णुदास भावे आणि १८४३ सालचं सांगलीतलं ‘सीता स्वयंवर’ घेऊन येतात, दुसऱ्यात नाट्यगृह समाजाचा आरसा होतं आणि शेवटी ‘चला तर मग, आपण सर्वांनी मिळून’ येतं. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही. विषयच असा आहे की त्यात शिरायला जागा नाही. विषय जितका अरुंद, तितका लेख खोल जातो. उदाहरणार्थ: ‘माझ्या खुर्चीवरून काय दिसायचं’, ‘पहिल्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्ये’, ‘प्रयोग चालू असताना लाइट गेली ती रात्र’, ‘तिकीट न काढता पाहिलेलं नाटक’, ‘मध्यंतर’, ‘रंगपटातला आरसा’, ‘बुकिंगच्या खिडकीवरचा प्लॅन’, ‘दौऱ्यावरची कंपनी आमच्या घरी जेवली’. असे सहा-सात द्यावेत आणि त्यातला एकच निवडायला सांगावा.

फरक किती पडतो ते बघा. ‘या नाट्यगृहाने अनेक दिग्गजांचे प्रयोग पाहिले आहेत’ या वाक्याचं वारसा समितीपुढे काही करता येत नाही. ‘बाल्कनीत डावीकडच्या खांबामागे दोन खुर्च्या होत्या, त्यांचं तिकीट निम्म्या दरात मिळायचं, कारण तिथून रंगमंचाची उजवी विंगच दिसायची, आम्ही भाऊ आलटूनपालटून मान वाकडी करून बसायचो’ असं कुणी लिहिलं, तर खांब कुठे होता, दर कसे होते, बाल्कनीत कोण बसत होतं, हे सगळं एका वाक्यात येतं. पत्रकावर असा नमुन्याचा एक परिच्छेद छापाच. त्याच्या नकला येतात हे खरं. पण नक्कलसुद्धा तपशिलाची होते, आणि घोषणांपेक्षा ती परवडते.

पत्रकात चार ओळींचं मार्गदर्शन असावं: साल नक्की आठवत नसेल तर आधारासाठी काहीतरी लिहा. दुष्काळ, भूकंप, निवडणूक, गिरणी बंद पडली ते वर्ष, बहिणीचं लग्न. १९७२ चा दुष्काळ आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे या भागातले दोन खुंटे असे आहेत की त्यांच्या अलीकडे-पलीकडे सगळं लावता येतं. तिकिटाची अर्धी, हँडबिल, जुना फोटो असेल तर मूळ वस्तू पाठवू नका, फोटो काढून पाठवा आणि मूळ वस्तू कुणाकडे आहे ते सोबत लिहा.

स्पर्धेचे विभाग तीनच ठेवावेत. स्मरणलेख ८०० ते १,२०० शब्द, कथा १,५०० शब्दांपर्यंत, आणि नाट्यछटा ४०० शब्दांपर्यंत. स्मरणलेख आणि कथा एकत्र कधीही करू नयेत. कथेतली आठवण पुरावा होत नाही, आणि कथेशी स्पर्धा आहे म्हटल्यावर स्मरणलेख लिहिणारा नकळत मीठमसाला घालायला लागतो. एकांकिका मोहात पाडते, पण ती घेऊ नये असं माझं ठाम मत. पाऊण तासाची एकांकिका म्हणजे साडेचार-पाच हजार शब्द, परीक्षकांचं काम चौपट-पाचपट. शिवाय ती सादर करायची तर संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, तालमी, नेपथ्य, दिवे असं सगळं मागे लागतं. दिवाकरांनी १९११ साली सुरू केलेली नाट्यछटा या कामाला नेमकी बसते. एकच माणूस बोलतो, समोरचं माणूस त्याच्या बोलण्यातून दिसतं, तीन-चार मिनिटांत संपते. नाट्यगृहाला कुलूप असलं तरी ती फाटकाबाहेर सादर करता येते. डोअरकीपर, प्रॉम्प्टर, बुकिंग क्लार्क, कँटीनवाला यांच्या तोंडून नाट्यछटा लिहा असं सांगितलं की पडद्यामागचं अख्खं खातं बोलायला लागतं.

भाषेबद्दल सोलापुरात वेगळं बोलायला हवं. स्पर्धा फक्त मराठीत घेतली की नाट्यगृहाचा निम्मा प्रेक्षक दाराबाहेर राहतो. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडे आणि शहराच्या बऱ्याच पेठांत कन्नड, विजापूर वेशीकडे दखनी उर्दू. १८७७ ची जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या, मग हातमाग-यंत्रमाग, मग विड्या, या कामांनी हे शहर वसवलं, आणि संध्याकाळी तिकिटाच्या रांगेत हीच माणसं उभी राहिली. शिवाय मराठी नाटकाचा उगमसुद्धा कानडी मुलखातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच झाला. तेव्हा कन्नडला विभाग देणं म्हणजे उपकार नव्हेत, जुनी उधारी आहे.

करायचं कसं? चार भाषांना सारखीच पारितोषिकं. प्रत्येक भाषेतले लेख ती भाषा येणाऱ्या दोघांनी वाचावेत. मराठीत भाषांतर करून घेऊन मराठी परीक्षकाला वाचायला देऊ नये, त्यात बक्षीस भाषांतरकाराला मिळतं. एक अडचण हमखास येते. सोलापुरातल्या अनेक तेलुगू घरांतली मुलं मराठी माध्यमात शिकलेली असतात. तेलुगू अस्खलित बोलतात, पण लिपी येत नाही. दखनीचंही तेच. म्हणून नियमातच लिहावं: कोणतीही भाषा देवनागरीत लिहिली तरी चालेल. हे एक वाक्य नसेल तर तेलुगू विभागात प्रवेशिका येतात त्या फक्त शिक्षकांच्या. आणि एखाद्या भाषेत सात-आठच लेख आले तर? विभाग रद्द करून ते मराठीत मिसळू नयेत. ‘दर्जा न आढळल्यास पारितोषिक राखून ठेवले जाईल’ ही ओळ पुरेशी असते, आणि बहुतेक वेळा तिची गरजही पडत नाही.

ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचं काय? विड्या वळणाऱ्या बायका, जुने मागवाले, नाट्यगृहाचे निवृत्त कामगार. त्यांच्यासाठी तोंडी प्रवेशिका ठेवावी, दहा मिनिटांपर्यंतचं मोबाइल रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव, वय, पेठ आणि ‘हे छापायला माझी हरकत नाही’ हे त्यांच्याच आवाजात घ्यायचं. दहा मिनिटांच्या बोलण्याचे हजार-बाराशे शब्द होतात आणि ते उतरवायला सरावलेल्या माणसालाही तासभर लागतो. तीस रेकॉर्डिंगला तीस तास, म्हणजे सहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच. उतरवताना बोली सुधारायची नाही. ‘आमी जातोतो’ असेल तर तसंच. घरात फिरता पंखा बंद करायला सांगा, फोन उशीवर न ठेवता बोलणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर ताट-वाट्यांपासून दूर ठेवा. यंत्रमाग चालू असलेल्या गल्लीत रेकॉर्डिंग करायचं तर माग बंद असण्याची वेळ विचारून जा. खडखडाटात ऐकलेली आठवण नंतर उतरवता येत नाही.

वेळापत्रक सोलापूरच्या पंचांगाने चालतं. आषाढीच्या आसपास जिल्ह्याचं लक्ष पंढरपूरकडे, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. ज्यांचं लिहिणं बरं आहे त्यांचं त्या वर्षीचं बळ दिवाळी अंकांत आधीच खर्ची पडलेलं असतं. म्हणून ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनाला घोषणा करावी. त्याच सुमाराला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी असते, म्हणजे शहरातली सगळी हौशी मंडळी एका जागी सापडतात. लिहायला त्यांना फुरसत नसते, पण कोणाला गाठायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. शेवटची तारीख ३१ डिसेंबर. जानेवारीत ढकलली तर फसते: १२ तारखेला हुतात्मा दिन, १९३१ साली त्या दिवशी येरवड्याला फाशी गेलेल्या चौघांचा. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाचं नाव त्यांच्यावरूनच आहे. मग लगेच संक्रांत, सिद्धेश्वराचे नंदीध्वज, आणि होम मैदानावर गड्ड्याची जत्रा. त्या पंधरवड्यात सोलापूरकर टेबलाशी बसून लिहीत नाही. परीक्षण मात्र त्या काळात सुरू करता येतं, वाचणारे घरी बसूनच वाचतात. निकाल २७ मार्चला, जागतिक रंगभूमी दिनी. २७ फेब्रुवारीचा भाषा गौरव दिन खुणावतो, पण त्या दिवशी शहरात दहा कार्यक्रम असतात आणि चार भाषांची स्पर्धा मराठी दिनाला बांधणंही बरोबर नाही.

निम्म्याहून जास्त प्रवेशिका शेवटच्या तीन दिवसांत येतात, हे गृहीतच धरा. मुदतवाढ एकदाही देऊ नये. एकदा दिली की वेळेवर पाठवणाऱ्यांना मूर्खात काढल्यासारखं होतं. कागदावरच्या प्रवेशिकांसाठी पेटी ठेवायची तर वाचनालयांत ठेवा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा, शिवाय पूर्व भागात एक, जुळे सोलापूरला एक. पेटी दर शनिवारी उघडून पावती-वहीत नोंद करायची. प्रसिद्धीला ‘संचार’सारखी स्थानिक दैनिकं आणि आकाशवाणी सोलापूर पुरेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक फिरतंच, फक्त ते फोटो म्हणून नको, मजकूर म्हणूनही पाठवा. डोळे अधू झालेल्यांना अक्षरं मोठी करता येतात.

फॉन्टचा घोळ हा स्वतंत्र अध्याय आहे. गावातल्या डीटीपीवाल्याकडून लेख टाइप करून घेतला की तो बऱ्याचदा श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये येतो. आपल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा चुराडा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, पण रफार एक अक्षर सरकतो, ‘दुसऱ्या’ मधला र तुटतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. परीक्षकाला वाटतं लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं आहे. म्हणून नियम: युनिकोडमधली फाइल, आणि सोबत तिचीच पीडीएफ. जुळवून पाहता येतं. हस्तलिखित असेल तर फुलस्केपवर, एकाच बाजूला, डावीकडे दोन बोटं समास. सगळ्या हस्तलिखितांची टायपिंग आपण करायची, कारण परीक्षकासमोर सगळं एकाच रूपात जायला हवं. ६० हस्तलिखितं, प्रत्येकी चार पानं, पानाला ३० रुपये, असे ते वरचे ७,२०० झाले.

शाळांच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. ‘शाळांनी सहभागी व्हावे’ असं लिहिलं की एकाच शाळेतून चाळीस लेख येतात, चाळिसांत एकच उपमा, कारण फळ्यावर मुद्दे लिहून दिलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे शाळेमागे पाचच प्रवेशिका, आणि त्या एका ठरलेल्या शनिवारी एका ठिकाणी बसून तासाभरात लिहायच्या. विषय तिथेच द्यायचा: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने पाहिलेला शेवटचा खेळ. आठवडाभर आधी फक्त एवढंच सांगायचं, की घरी आजी-आजोबांशी बोलून या.

हक्कांच्या कलमात आयोजक हावरटपणा करतात. ‘सर्व साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ ही ओळ वाचून बरा लेखक पत्रक बाजूला ठेवतो. गरज किती आहे? एकदा पुस्तकात छापायची, नाट्यगृहाच्या कार्यक्रमात वाचायची, आणि एक प्रत संग्रहात ठेवायची परवानगी. तेवढीच मागा, लेखी मागा, मुदतीसकट मागा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी नसेल तर ते धरलं जात नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांचीच समजतात. नाट्यछटेच्या प्रयोगाचा हक्क लेखकाकडेच राहू द्या.

पैसे कुणा एकाच्या खात्यावर क्यूआर लावून घेऊ नयेत, कितीही भरवशाचा माणूस असला तरी. संस्थेचं खातं, छापील पावती-वही. प्रवेश शुल्क ही देणगी नव्हे, तिची पावती वेगळी. नाट्यगृहासाठी वेगळी वर्गणी मागणार असाल आणि संस्था नोंदणीकृत न्यास नसेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम ४१ क प्रमाणे परवानगीसाठी धर्मादाय कार्यालयात जावं लागेल. गणेश मंडळाचा कुठलाही कार्यकर्ता हा रस्ता डोळे मिटून सांगतो, त्यालाच समितीत घ्या.

परीक्षणाकडे येऊ. प्रवेशिका आली की तिला क्रमांक द्यायचा. नाव-पत्त्याचा कागद वेगळ्या पाकिटात, आणि ते पाकीट ज्याच्याकडे असेल त्याने परीक्षणात बसायचं नाही. पावतीचा नंबर आणि प्रवेशिकेचा नंबर एकच ठेवला की गुप्तता संपली. पावती-वही समितीत सगळ्यांच्या हातात फिरते. ३०० लेख, प्रत्येक दोघांनी वाचायचा, एका वाचनाला शेऱ्यासकट दहा मिनिटं. झाले शंभर तास. सहा वाचकांत वाटले तर प्रत्येकी सतरा तासांच्या आत. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वाचायला लावू नये, त्यानंतर सगळंच सारखं वाटायला लागतं. म्हणजे नऊ दिवस. समितीतले उत्साही लोक ‘मीच वाचून टाकतो सगळे’ म्हणतात, त्यांना हा गुणाकार दाखवायचा.

पहिल्या फेरीत वीसपैकी गुण: नेमक्या तपशिलाला ८, भाषेला ६, रचनेला ४, विषयाला धरून असण्याला २. सुरुवातीला सहाही जणांनी तेच दहा लेख वाचून गुण द्यायचे आणि एकत्र बसून ताडून पाहायचं. ही एक संध्याकाळ वाया जात नाही. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत हेही तिथेच ठरवायचं, नाहीतर निवृत्त मराठी शिक्षकांच्या हातून पूर्व भागातले अर्धे लेख पहिल्याच फेरीत गारद होतात. दोघांच्या गुणांत पाचांहून जास्त अंतर पडलं तर तिसरा वाचतो.

अंतिम फेरीत गुणांची सरासरी काढू नये. एक परीक्षक शंभरपैकी ५२ ते ५८ मध्येच फिरतो, दुसरा ३० पासून ९५ पर्यंत उड्या मारतो. सरासरी काढली की निकाल दुसऱ्याचाच लागतो, पहिल्याचं मत असून नसल्यासारखं. तिघांनीही आपापले पहिले दहा क्रमांक लावून आणायचे, मग टेबलावर बोलायचं. चर्चेतली एक अडचण सांगून ठेवतो: परीक्षकांत रंगभूमीवरचं नावाजलेलं माणूस असेल तर बाकीचे दोघे गप्प बसतात. त्याचं मत सगळ्यांत शेवटी विचारा.

निकाल जाहीर करण्याआधी निवडलेल्या वीस-बावीस जणांशी फोनवर किंवा भेटून बोलावं. दोन कारणं आहेत. आजकाल यंत्राकडून लिहून घेतलेले लेख येतात. गुळगुळीत, कुठेही अडखळत नाहीत, आणि त्यांतल्या नाट्यगृहाला दार कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही. ‘तुम्ही लिहिलेली ती खिडकी आता कुठल्या बाजूला येईल?’ एवढा एक प्रश्न पुरतो. दुसरं कारण तपासणीचं. माणसं खोटं लिहीत नाहीत, पण आठवणी एकमेकींत मिसळतात. वडिलांनी सांगितलेलं आपण पाहिल्यासारखं वाटतं. ‘१९७० साली इथे बालगंधर्वांचं गाणं ऐकलं’ असं लेखात असेल तर ते तसं घडलेलं नाही, बालगंधर्व १५ जुलै १९६७ ला गेले. लेख त्यामुळे बाद होत नाही. लेखकाशी बोलून ‘वडील सांगत’ असा बदल करायचा, तळटीप नको. स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक आणि नाट्यगृहाची बुकिंगची जुनी रजिस्टरं मिळाली तर सोनंच. आणि एखाद्याने विश्वस्तांवर किंवा ठेकेदारावर नाव घेऊन आरोप केला असेल तर तो मजकूर छापायचा नाही. त्याची जागा तक्रार अर्जात, स्पर्धेत त्याने इमारतीचंच नुकसान होतं.

समारंभ शक्यतो त्या नाट्यगृहातच, पण फायर आणि स्ट्रक्चरल अहवाल बघून. आत धोका असेल तर अंगणात. सोलापुरात मार्चअखेरीला उन्हं तापलेली असतात, तेव्हा संध्याकाळी सातनंतर. भाषणं दोन, वाचनं आठ, त्यात चारही भाषा. शाल-श्रीफळाऐवजी सोलापुरी चादर द्या, उन्हाळ्यात शालीचं कुणी काय करणार.

पुस्तक मात्र मनापासून करायचं. ४० लेख, सरासरी ९०० शब्द, म्हणजे ३६,००० शब्द. डेमी आकाराच्या पानात २९० शब्द धरले तर १२४ पानं. सोळा पानांचा एक फर्मा, आठ फर्म्यांत १२८ पानं बसतात, चार पानं अर्पणपत्रिका-अनुक्रमणिकेला उरतात. फोटो मध्येमध्ये न पेरता शेवटी आठ पानांच्या वेगळ्या आर्ट पेपरवर घ्या, खर्च कमी येतो आणि छपाई बरी दिसते. तेलुगू, कन्नड, दखनी लेख मूळ आणि भाषांतर असे दोन्ही, भाषांतरकाराच्या नावासकट. त्याने पानं वाढतील, नववा फर्मा धरून ठेवा. तीन छापखान्यांची कोटेशनं घ्या. ५०० प्रती पुरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरलेली आणखी तीन ग्रंथालयं यांना प्रती स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांपैकी बरेच हे टाळतात. इथे टाळू नका. नाट्यगृह राहो न राहो, साक्ष चार शहरांत जाऊन बसते.

न छापलेले २६० लेखही फेकायचे नाहीत. सगळे स्कॅन करून, क्रमांक, पेठ, साल, विषय अशी साधी एक्सेल यादी करून एक संच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि एक वाचनालयाला. यादीतला पेठेचा रकाना भरून झाला की नाट्यगृहाचा प्रेक्षक शहराच्या नकाशावर उमटतो, आणि वारसा यादीच्या अर्जात हाच नकाशा सगळ्यांत वजनदार कागद ठरतो. अर्जाला पुस्तक, ही यादी, मालमत्ता पत्रक, मोजमापाचे नकाशे आणि इमारतीचे चारही बाजूंचे फोटो जोडायचे. पाच संच करा: आयुक्त, नगररचना, वारसा समिती, मालक आणि एक आपल्याकडे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ म्हणाले तर साहेब येईपर्यंत बसून राहा.